लॉनमधला थॅच काढायला दाताळे की विजेचे यंत्र?

हिरवळीवर चालताना पाय गादीवर पडल्यासारखा दबू लागला आणि पाइपने दिलेले पाणी मुरण्याऐवजी कडेने वाहून जाऊ लागले, की पाती आणि माती यांच्यामध्ये मेलेल्या मुळ्या-काड्यांचा थर, म्हणजे थॅच, वाढला असे समजावे. सुमारे १ सेंटिमीटरपर्यंतचा थर ओलावा टिकवतो, त्याला हात लावू नये. त्याहून जाड थर मात्र काढावाच लागतो. पुण्यातील आमच्या अंगणातल्या मेक्सिकन लॉनवर मी भाड्याचे विजेचे यंत्र आणि लांब दांड्याचे दाताळे, दोन्ही वापरून पाहिले आहे.

वेगाच्या बाबतीत यंत्र सरस आहे. जे काम त्याने तासाभरात उरकले, त्याला दाताळ्याने दोन रविवारच्या सकाळी लागल्या. शिवाय दर चार-पाच ओढींनंतर दातांत अडकलेल्या काड्या हाताने काढाव्या लागल्या.

तरीही माझा निर्णय ठरला तो जमिनीच्या उंचसखलपणामुळे. मेक्सिकन गवत जुने झाले की त्याला उशीसारखे फुगवटे येतात. यंत्राची पाती एकाच खोलीवर फिरत असल्यामुळे खोलगट भागातला थर तसाच राहिला आणि फुगवट्यांवरचे गवत मुळासकट निघून माती उघडी पडली. हे गवत फार सावकाश पसरते, त्यामुळे ती जागा भरून यायला दिवाळी उजाडली, आणि तोवर पावसाळ्यात तेथे लव्हाळ्याने ठाण मांडले होते. लव्हाळा वरून उपटला तरी जमिनीतल्या गाठींतून पुन्हा फुटतो. आमच्याकडे तो अजूनही अधूनमधून डोके काढतो आणि मी खुरपे घेऊन बसतो. दाताळे ओढताना जमीन हाताला कळते आणि उंचवट्यावर दाब आपोआप हलका करता येतो.

आवार मोठे व सपाट असेल आणि गवत हरळीच्या जातीचे असेल, तर कदाचित यंत्रच सोयीचे पडेल, कारण हरळी जमिनीखालच्या खोडांतून लवकर भरून येते. साधन कोणतेही असो, हे काम थंडीत करू नये; वळवाचा पाऊस पडून गवत जोमाने फुटू लागले की करावे, आणि नंतर चाळलेली माती व कुजलेले शेणखत यांचा पातळ थर पसरावा, म्हणजे उरलेला थॅच कुजण्यास मदत होते. आम्ही आता एका वर्षी अर्धे अंगण आणि पुढच्या वर्षी उरलेले अर्धे, असे दाताळ्यानेच साफ करतो.