वंशावळ शोधून देतो म्हणणाऱ्याची चार बनावट पाने

आमचे ख्रिस्ती घराणे मूळचे उत्तर गोव्यातल्या बार्देश तालुक्यातले. साधारण दीडशे वर्षांपूर्वी शापोरा आणि तेरेखोल या दोन नद्या ओलांडून ते सावंतवाडीच्या मुलखात येऊन स्थायिक झाले, एवढेच आजोबांकडून ऐकलेले होते. मूळ गाव कोणते, तिथे जमीन होती की नाही, हे कळावे अशी वडिलांची फार इच्छा होती, आणि ही इच्छाच एका गृहस्थाने हेरली.

एका नातेवाइकाच्या लग्नात भेटलेला हा मनुष्य स्वतःला वंशावळ-संशोधक म्हणवत असे. पणजीच्या पुराभिलेखागाराची सुरुवात १५९५ मध्ये पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कौतु यांच्याकडे सोपवलेल्या दप्तरापासून झाली, पोर्तुगीज अधिकारी अफोन्सु मेक्सिया यांनी १५२६ मध्ये गावकारांच्या, म्हणजे गावाच्या सामायिक जमिनीवर हक्क असलेल्या मूळ घराण्यांच्या, रूढी लिहून काढल्या, ही माहिती तो इतक्या सहजपणे सांगे की समोरच्याला शंका घेण्याचीच लाज वाटावी. माहिती खरी होती. मात्र त्याच १५२६ च्या लेखात आमच्या पूर्वजाचे नाव असल्याचे त्याने सांगितले, तेव्हाच आम्ही सावध व्हायला हवे होते. कारण तो लेख पणजीच्या परिसरातल्या तिसवाडीच्या गावांच्या रूढींचा आहे, घराण्यांची यादी नव्हे, आणि बार्देश तर १५४३ मध्ये पोर्तुगिजांकडे आला.

त्याने दोन हप्त्यांत ४५,००० रुपये घेतले. पावती मागितली तर ‘दप्तरातल्या माणसांना द्यावे लागते, त्याची पावती कशी होणार?’ असे उत्तर मिळे. पुढेमागे पोर्तुगालमध्ये जन्मनोंदणी करता येईल, असेही आमिष त्याने दाखवले. वस्तुतः तो मार्ग १९ डिसेंबर १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात जन्मलेल्यांसाठी आणि त्यांच्या नजीकच्या वारसांसाठी आहे. आमच्या चारही पिढ्या सावंतवाडीकडे जन्मलेल्या.

तीन महिन्यांनी त्याने एका फायलीत चार पाने आणून दिली. कागद तपकिरी, कडा कुरतडलेल्या, अक्षर वळणदार. वडिलांनी ती पाने देव्हाऱ्याजवळ ठेवली. पुढे पोर्तुगीज जाणणाऱ्या एका परिचित शिक्षिकेने १७४२ चा म्हणून दिलेला बाप्तिस्म्याचा उतारा वाचला आणि एका शब्दावर बोट ठेवले : ‘नोव्हा गोवा’. पणजीला हे नाव १८४३ मध्ये मिळाले. उताऱ्यात बाळाचे नाव आणि आईवडिलांची नावे होती, पण धर्ममातापित्यांची नव्हती. बाप्तिस्म्याच्या नोंदीत ती सहसा असतातच. वहीचा आणि पानाचा क्रमांकही नव्हता. १८९३ चा म्हणून दिलेल्या जमिनीच्या कागदावर तर पोर्तुगीज प्रजासत्ताकाचा शिक्का होता. पोर्तुगालमधील राजेशाही संपली १९१० मध्ये. कागदाला वास घेतला तर चहाचा येत होता, हे आता हसत सांगता येते. त्या दिवशी घरात कोणी जेवले नाही.

पैशांपेक्षा मोठा घोटाळा पुढे कळला. ‘दप्तरात अर्ज करण्यासाठी’ म्हणून त्याने वडिलांची सही एका मुखत्यारपत्रावर घेतली होती. वकिलांनी ते वाचले तेव्हा त्यात गोव्यातील वडिलोपार्जित मिळकतीचा शोध घेण्याबरोबरच ती विकण्याचाही अधिकार दिलेला आढळला. बनावट कागदांच्या आधारे जमिनी लाटल्याच्या तक्रारींवरून गोवा सरकारला २०२२ मध्ये विशेष तपास पथक नेमावे लागले होते, हे वर्तमानपत्रात वाचूनही आपल्या घरी असे काही घडेल, असे आम्हाला वाटले नव्हते. आम्ही मुखत्यारपत्र रीतसर रद्द केले, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली, दुय्यम निबंधक कार्यालयाला लेखी कळवले आणि पोलिसांत तक्रार नोंदवली. त्या माणसाचा फोन त्यानंतर लागलेला नाही.

यानंतर मी स्वतः बार्देशातील त्या चर्चमध्ये गेलो, जिथे जाण्याची गरज नाही असे तो आम्हाला वारंवार सांगत असे. पाद्रींनी पूर्वपरवानगीचा अर्ज घेतला, आडनाव आणि अंदाजे वर्ष विचारले, आणि दुसऱ्या भेटीत लग्नांची वही उघडून दिली. १८७१ च्या पानावर माझ्या पणजोबांच्या वडिलांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव, वधूचा वाडा आणि दोन साक्षीदार, सारे होते. पाद्रींनी दिलेल्या दाखल्यावर वही क्रमांक, पान क्रमांक, चर्चचा शिक्का आणि सही आहे; शुल्क नाममात्र पडले आणि त्याची पावतीही मिळाली. आमचे घराणे गावकारांपैकी होते का, हा प्रश्न मात्र चर्चच्या वहीने सुटत नाही. त्यासाठी म्हापशाच्या कोमुनिदाद (गावकारांची सामायिक जमीन सांभाळणारी संस्था) प्रशासकाच्या कार्यालयात मी अर्ज दिला आहे, या वेळी स्वतःच्या सहीने आणि केवळ छायाप्रती जोडून.

१८७१ च्या आधीची वही वाळवीने खाल्लेली असल्यामुळे आमची वंशावळ तूर्त तिथे थांबली आहे. आजोबांचा बाप्तिस्म्याचा मूळ दाखला आणि सावंतवाडीच्या घराचे जुने खरेदीखत त्या माणसाकडेच आहे; तक्रारीत या दोन्ही कागदांचे वर्णन आम्ही लिहून दिले आहे.