शिवसागरच्या आडव्या वाऱ्यात स्केग: वायरचा की दोरीचा?

तापोळ्याहून बामणोलीकडे निघालं की कोयनेचा जलाशय, म्हणजेच शिवसागर, उत्तर-दक्षिण पसरलेला. त्यात पश्चिमेचा वारा सुटला की तो थेट उजव्या अंगावर येतो. अशा वाऱ्यात १६-१७ फुटी सी कयाक (वल्ह्याने चालवायची लांब, अरुंद होडी) सतत वाऱ्याकडे तोंड फिरवते. चालत्या कयाकचं पुढचं टोक पाण्यात घट्ट रुतलेलं असतं. मागचं टोक घुसळलेल्या पाण्यात सैल पडतं आणि वारा नेमका त्यालाच ढकलतो. मग एकाच बाजूने जास्त वल्हवून खांदा भरून येतो. स्केग, म्हणजे मागे तळातून खाली उतरणारी पात, त्या सैल टोकाला पकड देते.

स्केगला सुकाणू समजून पैसे घालू नका. तो वळत नाही, फक्त वर-खाली होतो. आधी पात पूर्ण वर ठेवून एका लयीत वल्हवा. तोंड वाऱ्याकडे जायला लागलं की स्लायडर, म्हणजे पात वर-खाली करायचा सरकता खटका, थोडा थोडा सरकवत पात उतरवा आणि कयाक सरळ चालली की थांबा. आडव्या वाऱ्यात साधारण अर्धी पात पुरते. जास्त उतरवली तर तोंड उलट, वारा जिकडे जातो तिकडे वाहत जातं. वारा पाठीमागून असेल तर पूर्ण खाली, समोरून असेल तर वर. वळायचं असेल तेव्हाही वर घ्या, नाहीतर कयाक वळता वळत नाही.

वायरच्या स्केगमध्ये स्लायडर आणि पात वायरने जोडलेली असतात. त्याचं नियंत्रण फार बारीक असतं, बोटभर सरकवला तरी फरक कळतो. पण दुखणंही त्याच वायरीत आहे. उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की काठावर चिखल आणि बारीक खडे उघडे पडतात. कयाक मागच्या टोकावर ओढत पाण्यात ढकलली की खडा पात आणि तिच्या खोबणीच्या मध्ये अडकतो. पात हलत नाही म्हणून स्लायडर जोरात दाबला की वायर स्लायडरजवळच मुडपते. एकदा मुडपलेली वायर सरळ करून चालत नाही, बदलावीच लागते. काहीजण खोबणीत ग्रीस भरतात. त्याला वाळू चिकटून काम आणखी बिघडतं. साधं पाणी मारून धुणं बरं.

दोरीच्या स्केगमध्ये पात इलॅस्टिकच्या ताणाने खाली येते आणि दोरी ओढून वर घ्यायची. बारकावा थोडा कमी, पण मुडपण्यासारखं काही नाही, आणि दोरी तुटली तर बाजारातली दुसरी ओवता येते. शिवसागरसाठी आमची पसंती यालाच. सांगलीत माई घाट ते हरिपूर एवढंच कृष्णेत फिरायचं असेल तर मात्र स्केगचा खर्च नकोच. तिथे वळणंच जास्त, आणि स्केगची पेटी मागच्या डिकीतली सामानाची जागा खाते ती वेगळीच.

दुकानात कयाक पालथी घालून पात १०-१५ वेळा वर-खाली करून बघा; एकदाही अडखळली तर घेऊ नका. पातीच्या खालच्या मागच्या कोपऱ्याला भोक नसेल तर ३-४ मिलिमीटरचं पाडून त्यात बोटभर दोरी बांधा. पाण्यात पात अडकली तर सोबतचा वल्हेकरी मागून ती दोरी ओढून सोडवतो, काठाला यावं लागत नाही.