वसंतातली जपान-कोरिया क्रूझ: कुठे बोटीची सहल घ्यावी, कुठे आपलं आपण फिरावं

एप्रिलच्या सुरुवातीला योकोहामाहून निघून शिमिझू, कोबे, कागोशिमा, नागासाकी आणि कोरियातलं बुसान करत परत योकोहामाला येणारी क्रूझ ताईने आणि मी मिळून केली. ताईचे दोन्ही गुडघे दुखरे. मी शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली. दोघीही अंडंसुद्धा न खाणाऱ्या. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढची सगळी मतं यातूनच आलेली आहेत.

बोटीबद्दल तक्रार नाही. केबिन स्वच्छ, बाथरूममध्ये धरायला दांडे, लिफ्ट भरपूर. रोज बॅग न भरता रोज नवं गाव दिसतं, हे ताईसारख्या माणसाला फार मोठं सुख आहे. कोबे सोडून बोट पॅसिफिकच्या बाजूला आली की हलते. गोळ्या जवळ ठेवा आणि केबिन खालच्या मजल्यावर, मधोमध घ्या. संध्याकाळचे कार्यक्रम आम्ही फारसे पाहिले नाहीत. या मार्गावर पैसे वसूल होतात ते धक्क्यावर उतरल्यावर, आणि तिथेच नीट विचार करावा लागतो. बोटीच्या सहली महाग असतात, पण बस उशिरा आली तर बोट त्यांच्यासाठी थांबते. आपण स्वतः फिरायला गेलो आणि उशीर झाला, तर बोट निघून जाते. त्यामुळे ‘सगळ्या घ्या’ किंवा ‘एकही घेऊ नका’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. बंदर बघून ठरवा.

शिमिझूला सहलीपेक्षा पहाटेचा डेक महत्त्वाचा. ३७७६ मीटरचा फुजी सकाळी लख्ख दिसला आणि ऊन चढल्यावर ढगात गेला. पांघरूण गुंडाळून का होईना, सूर्योदयाला वर या. नंतर मिहोच्या पाइनच्या बनात गेलात तर छानच.

कोबेमध्ये बहुतेक सहली क्योतो, नारा नाहीतर हिमेजीच्या किल्ल्याकडे नेतात. हिमेजीत आत लाकडी, उभे जिने आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करून जावं. आम्ही गावातच राहिलो. धक्क्याजवळून पोर्ट लाइनर नावाची चालकाविना धावणारी गाडी थोड्या मिनिटांत सान्नोमियाला सोडते. तिथून किटानोच्या चढावर टॅक्सीने गेलो. या भागात पांढऱ्या दगडाचं जैन मंदिर आहे. मोत्यांच्या व्यापारासाठी इथे स्थायिक झालेल्या गुजराती कुटुंबांची ही वस्ती. त्यामुळे शाकाहारी भारतीय जेवण मिळायला कोबेइतकं सोपं बंदर या मार्गावर दुसरं नाही. दुपारी मेरिकेन पार्कमध्ये १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपात मोडलेल्या धक्क्याचा एक तुकडा मुद्दाम तसाच ठेवलाय तो पाहिला. काँक्रीटचे ठोकळे पाण्यात कललेले, दिव्याचे खांब तिरके. भूकंप म्हणजे काय हे मुलांना दाखवायला यापेक्षा चांगला नमुना मी पाहिलेला नाही.

कागोशिमाला मात्र डोळे मिटून बोटीची सहल घ्या. धक्का गावापासून लांब आहे, आणि जे बघायचं ते खाडीच्या पलीकडे: साकुराजिमा, १११७ मीटर उंचीचा जागता ज्वालामुखी. फेरी साधारण पाव तासात पलीकडे नेते. ज्या खाडीतून फेरी जाते तिचं उत्तरेकडचं टोक म्हणजेच एक प्रचंड जुनं ज्वालामुखी विवर, आणि साकुराजिमा त्याच्या काठावर उगवलेला. फेरीत उभं राहून चहूकडे पाहिलं की हे नकाशाशिवाय कळतं. १९१४ पर्यंत हे बेट होतं. त्या वर्षीच्या उद्रेकात इतका लाव्हा वाहिला की मधली सामुद्रधुनीच बुजली आणि बेट ओसुमी द्वीपकल्पाला जोडलं गेलं. बस त्याच लाव्ह्यावरून जाते. काळे, खडबडीत धोंडे, आणि त्यांच्या फटींतून वाढलेली पाइनची झाडं.

कुरोकामी नावाच्या वाडीत बस थांबली. तिथे देवळाची तोरी, म्हणजे दगडी कमान, राखेत गाडली गेलेली आहे. मूळ उंची तीन मीटर. आता जमिनीवर दिसतो तो फक्त वरचा मीटरभर भाग. कमानीची आडवी पट्टी माझ्या कमरेएवढ्या उंचीवर होती. गावाने ती उकरून काढली नाही, पुढच्या पिढ्यांना कळावं म्हणून तशीच ठेवली. मी रस्त्याच्या कडेची राख चिमटीत घेतली. दिसायला रांगोळीसारखी भुरभुरीत, पण बोटांना टोचते, कारण ती जळून उरलेली राख नव्हेच. चुरा झालेला दगड आणि काच आहे. आपल्या सह्याद्रीचा बेसाल्ट पातळ लाव्ह्यातून थरावर थर पसरत गेला. इथला लाव्हा चिकट, त्यात वायू कोंडतो आणि फुटतो. वर्गात फळ्यावर हा फरक खूपदा काढला होता. हातात घेऊन तो पहिल्यांदाच कळला.

इथली माणसं ज्वालामुखीच्या पायथ्याशी राहतात. शाळेत जाणारी मुलं हेल्मेट घालतात, रस्त्याकडेला काँक्रीटचे आडोसे बांधलेले आहेत, राख भरून ठेवायला महापालिका पिवळ्या पिशव्या देते, आणि हवामानाच्या बातम्यांत वारा राख कुठल्या बाजूला नेणार तेही सांगतात. तिथलेच मुळे जगातले सर्वांत मोठे. आमची वाटाड्या तिथलीच होती, आणि हे सगळं घरचं सांगावं तसं सांगत होती. शेवटी समुद्राकाठी गरम पाण्यात पाय सोडून बसायची लांबलचक जागा आहे. ताई तिथून उठेना. या एका सहलीचे पैसे पूर्ण फिटले.

नागासाकीत उलट. बोट मात्सुगाए धक्क्याला लागते, आणि तिथून ओउरा चर्च आणि ग्लोव्हर गार्डन चालत जाण्याइतकं जवळ. चढ आहे, पण ग्लोव्हर गार्डनमध्ये चक्क उघड्यावर सरकते जिने बसवलेत. इथे बोटीची सहल घेऊ नका. धक्क्याजवळ ट्राम पकडा, शिंची चायनाटाउनला बदला आणि शांती उद्यानाच्या थांब्यावर उतरा. ९ ऑगस्ट १९४५, सकाळी ११ वाजून २ मिनिटं. अणुबॉम्ब उराकामीच्या खोऱ्यावर फुटला, आणि मधल्या डोंगरांमुळे बंदराकडची बाजू त्या मानाने वाचली. ट्राममधून जाताना तेच डोंगर दोन्ही बाजूंना दिसत राहतात. उद्यानातल्या पुतळ्याचा उजवा हात आकाशाकडे, बॉम्ब जिथून आला तिकडे. डावा आडवा, शांततेसाठी. भाजलेली माणसं पाणी मागत गेली, म्हणून तिथे कारंजं केलंय. थोडं पुढे सान्नो देवळाजवळ एका पायावर उभी राहिलेली दगडी कमान आणि जळूनही पुन्हा पालवलेली दोन कापराची झाडं आहेत. आम्ही गेलो तेव्हा त्यांना नवी, तांबूस पालवी होती. गाईडच्या झेंड्यामागे धावत हे बघायची जागा नाही. वेळ हाताशी ठेवून जा.

बुसानबद्दल आधी एक गोष्ट. परदेशी झेंड्याच्या बोटीला फक्त जपानी बंदरांमधून प्रवासी फिरवायला जपानचा कायदा देत नाही. मध्ये एक परदेशी बंदर लागतं. म्हणून अशा बहुतेक क्रूझमध्ये बुसान असतं, आणि पुष्कळदा त्याच्या वाट्याला थोडकाच वेळ येतो. आम्ही घेतलेल्या बोटीच्या सहलीत त्या थोडक्यातला तासभर जिनसेंग (औषधी मुळी) आणि सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात गेला, आणि जगालची मासळीबाजाराबाहेर नुसतं उतरून फोटो. बुकिंगच्या माहितीत दुकानाचा उल्लेख नव्हता. बोटीवर परतल्यावर आम्ही लेखी तक्रार दिली. दिलगिरी मिळाली, पैसे नाहीत. तुम्ही जाल तर टॅक्सी करा. गामचेऑनची रंगीत घरांची वस्ती सुंदर आहे. कोरियन युद्धात पळून आलेल्या निर्वासितांनी डोंगरउतारावर वसवलेली, २००९ नंतर चित्रांनी नटलेली. पण पायऱ्या फार. ताई वरच्या रस्त्यावरूनच पाहून परतली. नाम्पो-दोंगला रस्त्यावर होत्तोक मिळतं: पिठाचा गोळा तव्यावर तळतात, कात्रीने पोट फाडतात आणि साखर, सूर्यफुलाच्या-भोपळ्याच्या बिया भरून कागदी कपात देतात. गरम पाक बोटांवर ओघळतो. ते खाच.

साकुरासाठी, म्हणजे चेरीच्या फुलांसाठी, जाणाऱ्यांना: दक्षिणेला आधी फुलतं असं धरून चालू नका. या झाडांच्या कळ्यांना जागं व्हायला आधी हिवाळ्याची थंडी लागते, ती उबदार कागोशिमात कमी पडते, त्यामुळे तोक्यो कित्येकदा आधी फुलतं. आम्हाला योकोहामात पाकळ्या गळताना दिसल्या आणि कागोशिमात झाडं भरलेली. मार्च संपता संपता ते एप्रिलचा पहिला आठवडा ही तारीख बरी; एप्रिलअखेरीपासून जपानची गोल्डन वीकची सुट्टी लागते, तेव्हा गर्दी.

जेवणात काळजी एवढीच, की जपानी रश्शात, सॉसमध्ये, भाजीतसुद्धा माशाचा अर्क असतो. बोटीवर मुख्य वेटरला आदल्या रात्री सांगितलं की दुसऱ्या दिवशी डाळ-भात-भाजी मिळत होती. बंदरात उतरताना पोटभर नाश्ता करून उतरा, सोबत खाकरा ठेवा.

व्हिसाचं तिकिटाआधी बघा. जपानहून कोरियाला जाऊन परत जपानात येणं म्हणजे जपानमध्ये दोनदा प्रवेश. एकदाच्या प्रवेशाचा व्हिसा घेऊ नका. आम्ही दोन प्रवेशांचा जपानचा आणि वेगळा कोरियाचा, असे दोन्ही काढले होते. बोटीवर चढताना काउंटरवर ते दोन्ही तपासले.