दसऱ्याचा झेंडू की मार्गशीर्षातली शेवंती?

जागा आठ-दहा कुंड्यांची, ऊन सकाळचे चार-पाच तास, आणि पाऊस ओसरला की गॅलरीत काहीतरी फुललेलं हवं. गुलाबाच्या पानांवरचे काळे ठिपके पुसून दमलेला आणि दर हिवाळ्यात पिटुनियाची रोपं विकत आणून कंटाळलेला माणूस शेवटी या दोन फुलांपाशी येतो. मीही तसाच आलो. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर, पूर्वेच्या गॅलरीत, सहा वर्षं दोन्ही लावून बघितली. तुमचा अनुभव वेगळा असू शकेल, गॅलरी बदलली की बरंच काही बदलतं. तरीही सांगतो.

आधी शेवंती, कारण दिसायला तीच उजवी, यात वाद नको. झेंडूचं फूल चार-पाच दिवसांत मलूल व्हायला लागतं, शेवंतीचं फूल थंडीत झाडावर दोन-तीन आठवडे सहज टिकतं. डिसेंबरात सकाळी चहा घेऊन बाहेर यावं तर पिवळ्याजर्द फुलांवर दव असतं, आणि चुकून पान चुरगळलं तर बोटांना तो कडवट, औषधी वास दुपारपर्यंत राहतो. आमच्या आईला मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या पूजेला घरची शेवंती लागते. बाजारची चालते, पण घरची लागते. हा फरक ज्यांच्या घरी आहे त्यांना समजावून सांगायला नको.

एक मात्र सांभाळा. नोव्हेंबरात नर्सरीत चेंडूसारखी गोल, बुटकी, फुलांनी लगडलेली शेवंती मिळते, तिच्यावर भाळून पुढच्या वर्षाचे मनसुबे रचू नका. तिला सहसा वाढ रोखणारं औषध मारलेलं असतं. पुढच्या हंगामात तीच उंच आणि किडकिडीत होते आणि काठीला बांधावी लागते. त्यापेक्षा शेतकरी लावतात ती झिप्री किंवा राजा शेवंती कोणाकडून तरी मागून आणा. बहर संपला की जुनं झाड बुडापासून कापायचं, बाजूने काश्या फुटतात, त्या मुळासकट सोडवून उन्हाळ्यात लावायच्या. पावसाळ्यात दोन-तीनदा शेंडा खुडायचा म्हणजे फांद्या फुटतात. आमच्या नर्सरीवाल्या काकांचं सूत्र होतं, ‘गणपती बसले की शेंड्याला हात लावायचा नाही.’ ते मी पाळतो. मावा हा बारीक किडा येतो, कळ्यांच्या देठांवर काळी साय धरल्यासारखा. निंबोळी अर्काने आटोक्यात राहतो. हे सगळं मी आनंदाने केलं असतं.

माझं घोडं अडलं ते दिव्यापाशी.

चौथ्या वर्षी सोसायटीत रात्री गाड्यांतलं पेट्रोल चोरीला जायला लागलं. कमिटीने पार्किंगच्या खांबावर पांढराशुभ्र एलईडीचा झोत बसवला, आणि तो नेमका आमच्या गॅलरीवर. त्या वर्षी शेवंती अशी माजली की बघत राहावं. मांडीएवढी उंच, पानं हिरवीगार. दिवाळी झाली, कळी नाही. मार्गशीर्ष लागला, कळी नाही. मी खत बदललं, पाणी कमी केलं, माती उकरली, शेजाऱ्यांकडून नाना सल्ले घेतले. आणि एक दिवस पाण्याच्या पिंपामागे सारलेली, मी जवळपास विसरलेली एक कुंडी बाहेर ओढली तर ती फुलांनी भरलेली! त्याच काश्या, तीच माती, खत तर तिला मिळालंच नव्हतं. फरक एवढाच की पिंपाची सावली दिव्याच्या आड येत होती.

मग डोक्यात प्रकाश पडला. शेवंती रात्र मोजते. रात्र पुरेशी लांब झाली की कळी धरायची, हा तिचा नियम, आणि मध्यरात्री उजेड पडला की तिच्या लेखी ती रात्रच नव्हे. 1920 मध्ये गार्नर आणि अ‍ॅलर्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी तंबाखू आणि सोयाबीनवर प्रयोग करून दिवस-रात्रीच्या लांबीचा आणि फुलण्याचा हा संबंध दाखवून दिला. पॉलीहाउसवाले तर हे मुद्दाम करतात. दांडा लांब हवा म्हणून रोपांना रात्री दिवे लावून फुलू देत नाहीत, मग काळं कापड ओढून अंधार करतात आणि ठरल्या वेळी फुलं काढतात. आमच्या कमिटीने तेच अर्ध्यावर केलं होतं. दिवे लावले, कापडाचं बघायला कोणी नाही.

ते मी बघितलं. पुढच्या वर्षी जुन्या काळ्या चादरी शिवून घेतल्या. संध्याकाळी साडेसहाला झाकायच्या, सकाळी सातला काढायच्या. पंधरा दिवस नेमाने केलं. मग ऑफिसात उशीर झाला. मग चार दिवस गावी गेलो. एकदा वाऱ्याने चादर खालच्या काकूंच्या वाळवणावर जाऊन पडली. कमिटीत विषय काढला तर सेक्रेटरी म्हणाले, ‘साहेब, फुलांसाठी दिवा बंद करायचा?’ त्यांचंही चुकलं नाही. पण फुलझाड लावून रोज तान्ह्या बाळासारखं झोपवायचं, हे काही माझ्याच्याने व्हायचं नाही. अर्ध्या कुंड्या जानेवारीत कशाबशा फुलल्या, मार्गशीर्ष केव्हाच संपला होता.

झेंडूला या दिव्याशी काही देणंघेणं नाही. मोठा झेंडू लांबलेल्या उजेडात थोडा रेंगाळतो असं म्हणतात, मला तरी फार जाणवलं नाही. छोटा, लाल-पिवळा मखमली झेंडू तर त्याच झोतात, त्याच कठड्यावर, काही झालंच नाही अशा थाटात फुलला.

झेंडूचं सगळं गोड आहे असं मात्र नाही. परतीच्या पावसात मोठ्या फुलांत पाणी साचतं, मान मोडते आणि आतून फूल तपकिरी सडतं. दसऱ्याच्या आधी दोन दिवस असा पाऊस झाला की तोरणाचे मनोरथ पाण्यात. म्हणून कठड्याबाहेर मखमली, आणि पुसा नारंगीसारखी मोठ्या फुलांची जात छताखाली, असं मी करतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन तापलं की लाल कोळी ही कीड येते, पानांवर बारीक जाळं धरतं. त्यावर मी औषधपाणी करत नाही, झाड उपटतो. त्याचं काम झालेलं असतं. त्याचा वास काहींना सहन होत नाही, तेही खरं.

आणि पंचांग बघावं लागतं. बी टाकल्यापासून फुलाला माझ्याकडे दोन-सव्वादोन महिने लागतात. 2025 ला दसरा 2 ऑक्टोबरला होता, 2026 ला अधिक महिन्यामुळे तो 20 ऑक्टोबरला. म्हणजे एका वर्षी बी जुलैच्या शेवटी टाकायचं, दुसऱ्या वर्षी पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन करून आल्यावर टाकलं तरी चालतं. पण तारीख चुकली तर फार तर दिवाळीला फुलं येतात, ती काही वाया जात नाहीत. शेवंतीत चूक झाली की पुढच्या वर्षापर्यंत थांबा.

तोरणातली फुलं चुरडून कुंडीत टाकायची सवय बहुतेक घरांत आहे. करून बघा, हरकत नाही. फूल झाडावर पूर्ण वाळून मग तोडलेलं असेल तर आतली काळी, सुईसारखी, टोकाला फिकट शेपूट असलेली बी भरलेली निघते. हाराचं फूल ताजंच तोडलेलं असतं, त्यात पोकळ बी जास्त. शिवाय बाजारचा झेंडू बऱ्याचदा संकरित असतो, त्याची पोरं आईवर जात नाहीत. माझ्या एका कुंडीत गेंदेदार नारंगी फुलाच्या बीतून एकेरी पाकळ्यांचं, तुटपुंजं पिवळं फूल आलं होतं. तेही वाईट नव्हतं म्हणा.

तुमचं ठरत नसेल तर एक करा. रात्री दहाला घरातले दिवे बंद करून पेपर घेऊन गॅलरीत उभे राहा. मथळे वाचता आले तर शेवंतीच्या नादी लागू नका. ही माझी मोजपट्टी, शास्त्रीय आहे असा दावा नाही. मागच्या बाजूला काळोखी गच्ची असेल, परसदार असेल, तर मात्र शेवंती जरूर लावा, आणि दोन काश्या मलाही द्या.

माझ्याकडे सध्या नऊ कुंड्या आहेत. सात झेंडूच्या, दोन शेवंतीच्या. त्या दोन्ही पाण्याच्या पिंपामागे असतात. गुरुवारी फुलं काढायला आईला पिंपावर हात टेकून वाकावं लागतं. वाकताना ती कमिटीच्या नावाने काहीतरी पुटपुटते, पण झेंडू चालेल का असं विचारलं तर उत्तर देत नाही.