हॅलोविनची कँडी आणि दाण्याची अ‍ॅलर्जी: घरी आल्यावर अदलाबदल, की आधीच पेरणी?

न्यू जर्सीत ऑक्टोबर लागला की दारोदारी भोपळे मांडले जातात आणि माझ्या पोटात गोळा येतो. ३१ ऑक्टोबरला, हॅलोविनच्या संध्याकाळी, मुलं घरोघरी फिरून गोळ्या-चॉकलेटं गोळा करतात. लेकीला शेंगदाणे आणि अंडं, दोन्हींची अ‍ॅलर्जी आहे. घरातून दाण्याचं कूट कधीच हद्दपार झालं (खिचडीत आता ओलं खोबरं सढळ हाताने पडतं), पण शेजाऱ्यांच्या टोपलीवर आपला काय ताबा? चार वर्षांत दोन मार्ग करून पाहिले.

पहिला, अदलाबदलीचा. सगळ्यांबरोबर फिरू द्यायचं, मिळेल ते बादलीत, आणि घरी येईपर्यंत एकही गोळी तोंडात नाही. मग बादली गालिच्यावर उपडी करून दोन ढीग करायचे. रीसेस (पीनट बटर भरलेलं चॉकलेट) सरळ बाहेर. स्निकर्समध्ये दाणे आहेत हे सगळ्यांना माहीत असतं, अंड्याचा पांढरा भागही असतो हे फार थोड्यांना. मिल्की वे तर पक्का फसवा, त्यातही अंडं. खरी डोकेदुखी छोट्या पाकिटांची. घटकांची यादी मोठ्या पिशवीवर, आतली अंगठ्याएवढी पाकिटं पुष्कळदा कोरी. शिवाय त्याच नावाच्या मोठ्या आणि छोट्या चॉकलेटचे घटक किंवा कारखाना वेगळा असू शकतो, म्हणून एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधायचा नाही. यादी नाही, तर ते बाहेरच्या ढिगात.

अमेरिकेत नऊ मुख्य अ‍ॅलर्जींचे पदार्थ लेबलवर छापणं सक्तीचं आहे. २०२३ पासून त्यात तीळही आले. पण ‘दाण्याचा अंश असू शकतो’ ही ओळ छापायची की नाही, हे कंपनीच्या मर्जीवर. ती ओळ दिसली नाही म्हणून मी निर्धास्त होत नाही.

बाहेरचा ढीग आम्ही लेकीकडून विकत घेतो. दर ठरलेला: दहा नगांना एक पुस्तक किंवा छोटं खेळणं. मागच्या वर्षी सत्तावीस नग निघाले तर बाईसाहेब तीन पुस्तकांवर अडून बसल्या. उणीव एवढीच, की दोन तास ती बादली तिच्याच हातात असते आणि बरोबरची पोरं चालता चालता खात असतात. हात पुसायला ओले वाइप्स न्या. सॅनिटायझरने जंतू मरतात, दाण्याचं प्रथिन हातावर तसंच राहतं.

दुसरा मार्ग पेरणीचा. आदल्या दिवशी चार-पाच ओळखीच्या घरी आपणच चालणाऱ्या गोळ्यांची, नाव लिहिलेली पुडी देऊन यायची आणि दुसऱ्या दिवशी फक्त त्याच घरांची दारं वाजवायची. मूल लहान असेल तर यासारखं सुख नाही. मात्र एकदा पुडी घेतली काकूंनी आणि दार उघडलं त्यांच्या पाहुण्यांनी. बादलीत पडलं स्निकर्स. मोरपंखी रंगाचा भोपळा दारात ठेवणारी घरं हा याचाच तयार प्रकार. तिथे स्टिकर, पेन्सिली, चमकणाऱ्या कांड्या मिळतात. टेनेसीतल्या एका गटाने २०१२ साली हे सुरू केलं आणि २०१४ पासून ‘फेअर’ या अन्नाच्या अ‍ॅलर्जीवर काम करणाऱ्या संस्थेने ते देशभर नेलं. आमच्या गल्लीत अशी घरं दोनच, त्यामुळे सगळी संध्याकाळ त्यांच्या भरवशावर काढता येत नाही.

घरीच पार्टी हा तिसरा पर्याय मला पटत नाही, मुलं हिरमुसतात. आणि मराठी मंडळींकडे जमायचं तर दिवाळी याच सुमारास येते. २०२४ मध्ये नरक चतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरलाच होती, आणि चिवड्यात दाणे नाहीत असं घर दाखवा!

माझा कौल असा. मूल पाचाच्या आतलं असेल, किंवा दुधाची अ‍ॅलर्जी असेल, तर पेरणी करा. दूध वगळलं की चॉकलेटचा जवळजवळ सगळा ढीग बाहेर जातो आणि अदलाबदलीत मुलाच्या वाट्याला काही उरत नाही. मूल वाचायला लागलेलं आणि अ‍ॅलर्जी एक-दोनच पदार्थांची, तर अदलाबदल. लेबल वाचायची सवय तिथेच लागते.

मार्ग कुठलाही धरा, एपिनेफ्रिनची (तीव्र अ‍ॅलर्जीवरच्या तातडीच्या औषधाची) दोन्ही इंजेक्शनं आपल्या खांद्यावरच्या पिशवीत हवीत, गाडीत नाहीत. अंगावर गांधी उठून लगेच उलटी झाली, आवाज बसला किंवा श्वास लागला, तर अ‍ॅलर्जीच्या गोळीची वाट बघत बसू नका. मांडीच्या बाहेरच्या बाजूला इंजेक्शन द्या आणि ९११ हा तातडीच्या मदतीचा नंबर लावा. बादली कुणाकडे तरी सोपवा, पण काय खाल्लं त्याचं पाकीट बरोबर घ्या.