व्हर्च्युअलबॉक्समधील मराठी टंकलेखन: तीन महिन्यांच्या वापरानंतर

विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा नाशिकमध्ये सीबीएसजवळ (मध्यवर्ती बसस्थानकाजवळ) असलेल्या माझ्या टंकलेखन कार्यालयातील चार जुन्या संगणकांचे पुढे काय करायचे, हा प्रश्न उभा राहिला. प्रतिज्ञापत्रे, भाडेकरार आणि खरेदीखते आमच्याकडे रोज इनस्क्रिप्टने, म्हणजे भारतीय भाषांच्या प्रमाणित कीबोर्ड मांडणीने, टंकित होतात. त्यामुळे विंडोज काढून थेट उबुंटू ही मोफत लिनक्स प्रणाली बसवून काम अडवून घेण्याऐवजी एका संगणकावर व्हर्च्युअलबॉक्स घेतले. हे सॉफ्टवेअर एका प्रणालीच्या खिडकीत दुसरी प्रणाली चालवते. विंडोजवरच्या त्या खिडकीच्या आत उबुंटू चालवून पाहिले.

पहिल्या दिवशी विंडोजमध्ये मराठी निवडलेली असूनही आत रोमन अक्षरेच उमटू लागली. हा सॉफ्टवेअरचा दोष नव्हता, माझी समजूत अपुरी होती. व्हर्च्युअलबॉक्स आतल्या प्रणालीला अक्षर पाठवत नाही, तर दाबलेल्या कळीचा क्रमांक पाठवते. त्या क्रमांकाचे अक्षर कोणते, हे आतली प्रणाली स्वतःच्या कीबोर्ड मांडणीनुसार ठरवते. म्हणून मराठी मांडणी उबुंटूच्या सेटिंग्जमध्ये वेगळी जोडावी लागते, आणि बाहेर कोणती भाषा निवडली आहे याने काही फरक पडत नाही.

हे कळल्यावर अडचण नेमकी कोठे आहे ते ओळखण्यासाठी मी एकच शब्द वापरू लागलो, तो म्हणजे ‘नाशिक’. इनस्क्रिप्टमध्ये त्याच्या कळी व्ही, ई, शिफ्टसह एम, एफ आणि के अशा आहेत. पडद्यावर याच रोमन अक्षरांची ओळ दिसली, तर कळी आत पोहोचत आहेत आणि फक्त मांडणी बदलायची आहे. काहीच उमटले नाही, तर कीबोर्ड आतल्या खिडकीच्या ताब्यात नाही. खिडकीत एकदा क्लिक करून पाहावे. अक्षरांऐवजी भलतेच मेनू उघडू लागले, तर कंट्रोल किंवा आल्ट ‘अडकलेली’ असते, म्हणजे ती दाबल्याची खबर आत गेली पण सोडल्याची गेली नाही. त्या कळी दोन्ही बाजूंच्या एकेकदा दाबून सोडल्या की बहुधा काम सुरळीत होते. माझ्या सहकाऱ्यांना हीच परीक्षा सर्वांत उपयोगी वाटली.

कीबोर्ड आतल्या खिडकीतून सोडवून विंडोजमध्ये परत येण्यासाठीची कळ, म्हणजे ‘होस्ट की’, मुळात उजवी कंट्रोल असते. आमच्या एका टंकलेखिकेला मजकूर कॉपी करताना तीच कळ वापरण्याची सवय आहे, त्यामुळे व्हर्च्युअलबॉक्सच्या प्राधान्यक्रमांत (प्रेफरन्सेस) जाऊन आम्ही होस्ट की बदलली. ज्यांचा हात उजव्या कंट्रोलवर जातो त्यांनी हे पहिल्याच दिवशी करावे. कंट्रोल, आल्ट, डिलीट हे तीन एकत्र आत पाठवायचे असल्यास ते व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीतील इनपुट मेनूतून पाठवावेत, कारण विंडोजवर हाताने दाबलेले तिन्ही बाहेरची प्रणालीच पकडते.

आतल्या उबुंटूत ‘गेस्ट ॲडिशन्स’ हे व्हर्च्युअलबॉक्सचे पूरक सॉफ्टवेअर बसवून सामायिक क्लिपबोर्ड दुतर्फा केल्यावर विंडोजमधील युनिकोड मराठी मजकूर उबुंटूत जसाच्या तसा चिकटवता येतो. येथे कळींचे क्रमांक नव्हे, तर मजकूरच पलीकडे जातो, त्यामुळे मांडणी कोणतीही असली तरी ‘ळ’चा ‘ळ’च राहतो. जुन्या मसुद्यांसाठी ही सोय मला फार मोलाची वाटली.

व्हर्च्युअलबॉक्सचे मूळ पॅकेज मुक्त परवान्याखाली मिळते. जादा सोयींसाठी वेगळ्याने मिळणाऱ्या एक्स्टेन्शन पॅकचा परवाना मात्र वेगळा आहे, तो कार्यालयात घेण्यापूर्वी वाचून घ्यावा. वर सांगितलेल्या कोणत्याही कामासाठी आम्हाला त्याची गरज पडली नाही. चारपैकी दोन संगणकांवर आम्ही आता उबुंटू कायमचे बसवत आहोत.