इंजिनाला रंग देताना: इनॅमल की पावडर, ग्लॉस की रिंकल?

इंजिन खोलून, धुऊन स्टँडवर चढलं की जो तो रंगाचंच विचारतो. मी म्हणेन, आधी फिनिश, म्हणजे थराचा प्रकार आणि चमक, ठरवा. रंग नावडला तरी इंजिन चालतं, पण फिनिश चुकलं की पोपडे निघतात.

ब्लॉकसाठी, म्हणजे इंजिनाच्या मुख्य बिडाच्या भागासाठी, स्प्रे कॅनमधलं इंजिन इनॅमल (उष्णता सोसणारा रंग) की पावडर कोटिंग (कोरडी भुकटी फवारून भट्टीत पकवलेला थर)? पावडर जास्त कणखर. पेट्रोल सांडलं, पाना घसरला तरी सहसा हलत नाही. पण ती साधारण 200 अंशांच्या भट्टीत पकते आणि जुन्या बिडाच्या छिद्रांत मुरलेलं तेल नेमकं तेव्हाच बाहेर येतं. मग थराखाली फुगे धरतात. शिवाय पावडर उडाली तर तेवढाच भाग बेमालूम दुरुस्त होत नाही. इनॅमल साधारण 260 अंशांपर्यंत टिकतं. ब्लॉक आतल्या पाण्यामुळे एवढा तापतच नाही, आणि टवका उडाला तर घासून पुन्हा एक हात देता येतो. त्यामुळे ब्लॉकला इनॅमल. टॅपेट कव्हर (इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण), ब्रॅकेट, पुली या सुट्या भागांना खुशाल पावडर.

ग्लॉस एका फडक्यात पुसला जातो, मात्र बिडाचा प्रत्येक खडबडीतपणा उघडा पाडतो. मॅट ते झाकतो, पण तेलकट बोटाचा ठसा धरून ठेवतो. इंजिन वरचेवर उघडणार असाल तर मॅटच्या नादी लागू नका. रिंकल, म्हणजे वाळताना सुरकुत्या पडणारा रंग, टॅपेट कव्हरवर फार देखणा दिसतो. त्याला जाड हात लागतात: पहिला आडवा, दुसरा उभा, तिसरा तिरका, मध्ये थोडी थोडी उसंत. हात पातळ पडला तर सुरकुत्या येतच नाहीत. सुरकुत्यांत धूळ बसते, ती ब्रशनेच निघते.

आता रंग. जुनं इंजिन मूळ रूपात आणायचं असेल तर प्रश्नच नाही: शेवरले व्ही-8 चा नारिंगी, फोर्डचा 1966 पासूनचा निळा. स्वतःच्या मनाचं बांधत असाल तर काळ्यापेक्षा फिकट राखाडी घ्या, हे मी अनुभवाने सांगतो. माझं आधीचं इंजिन काळं होतं. कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून तेल पाझरत होतं, ते खाली जमिनीवर डाग पडल्यावर कळलं. पुढच्या इंजिनाला राखाडी दिला. तिथे तसाच ओघळ फुटला, तेव्हा बोल्टाखाली केसाएवढी तपकिरी रेघ लगेच दिसली. बोल्ट आवळले, गॅस्केट वाचली.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डला (इंजिनातला तापलेला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांना) मात्र यातलं काहीच लावू नका. तिथे 650 अंशांचा सिलिकॉन रंग लागतो, तोही डब्यावर लिहिल्याप्रमाणे टप्प्याटप्प्याने तापवून पकवावा लागतो. पैसे असतील तर सिरॅमिक कोटिंग करून घ्या. ते गंज रोखतं आणि बॉनेटखालची धगही कमी करतं.